कुंपणातलं फूल

शंकासुराला कुणी फारसं जपत नाही, आणि जपावं लागतही नाही. शाळेचं आवार, बंगल्याचं फाटक, रस्त्याचा दुभाजक, जिथे ऊन पडतं आणि पाणी तुंबत नाही तिथे तो येतो. बी मात्र टणक असतं. खरखरीत कागदावर जरा घासून किंवा कढत पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवलं की रुजतं, आणि बहुतेक वेळा पहिल्याच वर्षी रोपावर तुरा दिसतो. छाटून गुडघ्याएवढा केला तरी पावसाबरोबर पुन्हा फुटतो. तुरा खालून वर उमलत जातो. खाली शेंगा धरलेल्या, मधे फुलं, शेंड्याला अजून कळ्या. फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार मोठ्या, कडेला झालरीसारख्या चुरगळलेल्या, लालभडक आणि पिवळ्या किनारीच्या. पाचवी लहान, नळीसारखी मिटलेली. दहा पुंकेसर पाकळ्यांच्या बाहेर दोन-तीन बोटं आलेले असतात. फुलपाखरू मधाशी आलं की त्याचे पंख या लांब केसरांना घासतात आणि पराग पंखांवर बसून पुढच्या फुलाकडे जातात. चपटी शेंग वाळली की भर उन्हात तडकन फुटते, दोन्ही साली पिळवटतात आणि बिया चार हात लांब उडतात. इतक्या सहजपणे येणारं, इतकं दिसायला देखणं झुडूप माणसाने जगभर नेलं यात नवल नाही. त्यामुळे त्याचा इतिहास शोभेच्या झाडाचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तिथेच तो अपुरा राहतो. माझं म्हणणं असं की, शंकासुराविषयीचं सगळ्यात गंभीर ज्ञान गुलाम बायकांकडे होतं. ते त्यांच्या हाताशी राहिलं ते झाड मालकाच्याच कुंपणात होतं म्हणून. आणि पुढे ते ज्ञान विरून गेलं ते कुणी दडवलं म्हणून नाही. ते ठळकपणे छापलं गेलं होतं. ज्यांच्या हाती ते छापील पान पडलं, त्यांना त्या बायकांच्या शब्दाची गरज वाटली नाही.

आधी झाड मुळात कुठलं ते पाहू. आपल्याकडे त्याचं नाव थेट पुराणातलं आहे. वेद पळवून समुद्रात दडलेला आणि मत्स्यावतारात मारला गेलेला तो शंखासुर. कोकणातल्या शिमग्यात काळ्या झग्यात, उंच टोपी घालून नाचणारा संकासूरही त्याच नावाचा. असं नाव असलेलं झाड आपल्याच मातीत अनादि काळापासून असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण नाव हा वयाचा पुरावा होत नाही. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही नावं रामायणातली, आणि दोन्ही फळं अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात आली असं बहुतेक वनस्पतितज्ज्ञ मानतात. बाहेरून आलेल्या झाडाला घरचं नाव देऊन घरात घेण्याची आपल्या लोकांची जुनी रीत आहे, आणि शंकासूर त्याच रीतीने घरचा झाला. तो जगभर इतका लावला गेला आहे की मूळ रान नेमकं कुठलं हे सांगणं वनस्पतितज्ज्ञांना जड गेलं. तरी त्याचे जवळचे रानटी भाऊबंद मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत आहेत, आणि आज बहुतेकांचं मत तो तिकडचाच असं आहे. आपल्या गुलमोहराशी त्याची गल्लत होते कारण पानं सारखी आणि फुलाची घडणही सारखी. पण गुलमोहर मादागास्करचा, मोठा वृक्ष, आणि जगाला त्याची ओळख झाली ती एकोणिसाव्या शतकात. शंकासूर त्याच्या दीडएकशे वर्षं आधी आपल्या किनाऱ्यावर पोचला होता. तमिळमध्ये त्याला मोराचं नाव आहे, मयिल्कोन्रै; युरोपीय पंडितांनीही लॅटिनमध्ये मोराचंच फूल म्हटलं. तुऱ्याकडे पाहिल्यावर दोन दूरच्या देशांतल्या माणसांना एकच पक्षी आठवावा, हे मला फार सुंदर वाटतं.

ते लॅटिन नाव, फ्लोस पाव्होनिस, ज्या पुस्तकामुळे अजरामर झालं ते मारिया सिबिला मेरियन या बाईचं. जन्म १६४७ चा, फ्रँकफर्टचा; तेराव्या वर्षी रेशीमकिडे पाळून त्यांची चित्रं काढणारी. अळीचं फुलपाखरू कसं होतं हे ती आयुष्यभर पाहत राहिली, आणि अळी कुठल्या झाडाचं पान खाते हे तिच्या बहुतेक चित्रांत असे. नवऱ्यापासून वेगळी झालेली ही बाई १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रं विकून पैसा उभा करून धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. सुरीनाम १६६७ पासून डचांकडे होतं आणि तिथे एकच धंदा होता, ऊस. मेरियनने लिहून ठेवलं आहे की मळेवाले तिची टिंगल करत, कारण साखर सोडून या देशात आणखी काही शोधण्यासारखं आहे असं तिला वाटत होतं. ही तक्रार मला महत्त्वाची वाटते. तिथल्या गोऱ्या समाजाला ज्यात रस नव्हता ते पाहायला ती आली होती, म्हणून ती ज्यांच्याशी बोलली ती माणसंही वेगळी होती. रानात वाट काढून देणारे, अळ्या आणून देणारे, झाडांची नावं सांगणारे हे सगळे मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम. तापाने खंगून ती १७०१ मध्ये ॲमस्टरडॅमला परतली आणि १७०५ मध्ये साठ चित्रांचा तिचा मोठा ग्रंथ निघाला.

त्यातलं पंचेचाळिसावं चित्र शंकासुराचं आहे. लाल-पिवळा तुरा, हिरव्या शेंगा, आणि त्यावर एका मोठ्या पतंगाची सगळी अवस्थांतरं. चित्र आनंदाचं आहे. शेजारचा मजकूर मात्र वाचवत नाही. मेरियन सांगते की डच मालकांच्या हाताखाली हाल सोसणाऱ्या इंडियन बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात, आपलं मूल आपल्यासारखं गुलाम होऊ नये म्हणून. (हे इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आपले लोक सुरीनामला पोचले ते १८७३ मध्ये, लल्ला रूख या जहाजातून, वेठीच्या करारावर, गुलामगिरी संपल्यामुळे मळ्यांना हात हवे होते तेव्हा.) पुढे ती गिनी आणि अंगोलातून आणलेल्या काळ्या बायकांचं लिहिते. त्यांना नीट वागवलं नाही तर त्या मूल होऊ देत नाहीत. छळ असह्य झाला तर जीवही देतात, कारण मेल्यावर आपण आपल्या देशात, आपल्या माणसांत, मोकळे होऊन पुन्हा जन्मू अशी त्यांची श्रद्धा आहे. हे आपण त्यांच्याच तोंडून ऐकलं, अशी नोंद करून ती थांबते. फुलपाखरांच्या ग्रंथात, वनस्पतीच्या वर्णनाच्या मधोमध, तिने हे लिहिलं. वर उपदेश नाही, निंदाही नाही.

त्या नोंदीतलं, मूल आपल्यासारखं गुलाम होऊ नये, हे वाक्य समजण्यासाठी कायदा समजावा लागतो. वसाहतींमध्ये रोमन कायद्यातून आलेला एक नियम होता, मूल आईच्या स्थितीत जन्मतं. इंग्रजांच्या व्हर्जिनियाने १६६२ मध्ये तो स्पष्ट शब्दांत कायदाच केला. डचांच्या कायद्याच्या मुळाशीही तोच होता. बाप कोणीही असो, मालक स्वतः असो, आई गुलाम तर मूल गुलाम. म्हणजे गुलाम बाईचं गर्भाशय मालकाच्या मालमत्तेत मोजलं जात होतं, आणि जन्माला येणारं प्रत्येक मूल हे त्याच्या वहीत एक नवी जमा. मूल न होऊ देणं हा अशा ठिकाणी खासगी निर्णय राहत नाही. ज्या एका गोष्टीवर बाईचा अजून ताबा होता, त्या गोष्टीच्या बळावर दिलेला तो नकार होता. आणि त्या नकाराचं साधन कुठे होतं? इंग्रजांच्या बार्बाडोसमध्ये या झुडपाचं नावच फ्लॉवर फेन्स, फुलांचं कुंपण. काटे असल्यामुळे जनावर आत शिरत नाही, छाटलं की दाट होतं, बी फुकट मिळतं, वर्षाचे बरेच महिने फुलतं. मळेवाल्याने हद्द आखण्यासाठी जे लावलं ते त्याच्या दृष्टीने शोभेचं होतं. औषधी वनस्पती म्हणून ते लावलं असतं तर त्यावर लक्ष राहिलं असतं. रानात असतं तर तिथे जायला परवानगी लागली असती. मळ्याबाहेर सापडणं हाच गुन्हा होता. कुंपणाची शेंग मात्र कुणी मोजत नाही. उसाच्या फडाकडे जाता-येता, दिवसाउजेडी, चार बिया ओच्यात टाकता येत होत्या. मालकाने स्वतःच्या हाताने हे झाड त्यांच्या वाटेवर आणून ठेवलं होतं. शोभेसाठी लावण्याचा आणि गुलाम बायकांच्या उपयोगाचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास आहेत असं मानलं जातं. मला ते एकाच कुंपणाच्या दोन बाजू वाटतात.

इथे पहिला आक्षेप येईल तो पुराव्यावर. एका परदेशी बाईने दोन वर्षं राहून ऐकलेली गोष्ट, तीही दुभाष्यांमार्फत, किती धरायची? शिवाय गुलाम बायका गर्भ पाडतात ही तक्रार मळेवाल्यांना सोयीची होती. मळ्यावर मुलं जगत नाहीत याचं कारण अतिश्रम, उपासमार आणि चाबूक आहे हे कबूल करण्यापेक्षा बायकांच्या माथी दोष मारणं त्यांना परवडणारं होतं. हा आक्षेप खरा आहे, आणि मळेवाल्यांचं लेखन वाचताना तो सतत ध्यानात ठेवायला हवा. पण मेरियनला तो लागू पडत नाही. तिचा मळा नव्हता, आणि तिने दोष बायकांवर ठेवला नाही, मालकांवर ठेवला. दुसरा साक्षीदार हान्स स्लोन. हा १६८७ ते १६८९ या काळात जमैकाच्या इंग्रज गव्हर्नरचा वैद्य होता. पुढे त्याच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. या झाडाने विटाळ येतो आणि गर्भ पडतो हे त्याने नोंदवलं आणि त्याची बरोबरी सॅव्हिन या युरोपीय जुनिपरशी केली. त्याचं पुस्तक मेरियननंतर छापलं गेलं, तेव्हा त्याने तिचंच वाचून लिहिलं असेल, असं कुणी म्हणेल. पण दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींची नक्कल वाटत नाहीत. मेरियन कारण सांगते, स्लोन गुण सांगतो. तिच्या मजकुरात बोलणाऱ्या बायका आहेत. त्याच्या मजकुरात एका वनस्पतीची दुसरीशी तुलना आहे, वैद्याच्या मापाने केलेली. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य देकुर्तील याने अँटिलीस बेटांच्या वनस्पतींवर लिहिलं, त्यातही हा गुण येतो. डच, इंग्रज आणि फ्रेंच, तीन वसाहती, तीन भाषा, आणि साक्षीदार एकमेकांच्या मर्जीतले नव्हेत. इतिहासात याहून कमी पुराव्यावर आपण कितीतरी गोष्टी खऱ्या मानतो.

दुसरा आक्षेप संख्येचा आहे. सुरीनामला दोन लाखांहून अधिक आफ्रिकी माणसं आणली गेली आणि १८६३ मध्ये गुलामगिरी उठली तेव्हा मुक्त झालेले उणेपुरे तेहतीस-चौतीस हजार होते. ही भयानक वजाबाकी एका झुडपाच्या बियांनी झाली असं कुणी म्हणेल तर ते चूक आहे. माणसं उसाच्या कामाने, तापाने, उपासाने, शिक्षेने मेली. बायकांना दिवस राहणंच त्या श्रमात अवघड होतं, आणि राहिले तरी मूल वर्षभर जगेल याची खात्री नव्हती. किती बायकांनी बिया खाल्ल्या आणि त्यांतल्या किती मेल्या, हे कुठल्याही वहीत नाही, असणं शक्यही नव्हतं. जे गुपचूप करायचं त्याची नोंद राहत नाही. माझा मुद्दा मोजणीवर उभा नाही. बीचा गुण आजच्या प्रयोगशाळेत कितपत टिकतो यावरही नाही. एका समाजातल्या बायकांना एक झाड या कामासाठी माहीत होतं, त्यांनी ते परक्या बाईला कारणासकट सांगितलं, आणि त्या कारणात आपल्या मुलाच्या भविष्याचा विचार होता, इतकं सिद्ध होणं पुरेसं आहे. गुलामांनी काही विचार मांडला याचा लेखी पुरावा त्या काळात मिळणं किती विरळा, हे ध्यानात घेतलं की या एका परिच्छेदाचं वजन कळतं.

तिसरी अडचण मला स्वतःला जास्त विचार करायला लावते. झाड अमेरिकेचं असेल तर अंगोलाहून आणलेल्या बाईला ते कसं ठाऊक? आफ्रिकेत तिच्या आजीने ते पाहिलंच नसणार. पोर्तुगीजांनी ते आधीच आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेलं असण्याची शक्यता आहे. जी जहाजं शंभर-दीडशे वर्षांत मिरची, मका आणि हे फूल मलबारपर्यंत पोचवतात त्यांना आफ्रिकेचा किनारा वाटेतच लागतो. पण मेरियनच्या मजकुराचा क्रम पाहा. बियांची गोष्ट ती आधी मूळ रहिवासी बायकांची म्हणून सांगते आणि त्यानंतर आफ्रिकी बायकांकडे वळते. सरळ अर्थ असा निघतो की आधी ज्यांची भूमी होती त्यांच्याकडे हे ज्ञान होतं, आणि मागून आणलेल्यांनी ते त्यांच्याकडून घेतलं. एकमेकींची भाषा न येणाऱ्या, वेगवेगळ्या वाटांनी एकाच मळ्यावर आलेल्या बायका कुंपणाशी उभ्या राहून एकमेकींना झाड दाखवतात. कागद नाही, गुरू नाही, पैसा नाही. ज्ञानाच्या देवघेवीचा इतिहास आपण ग्रंथालयं, विद्यापीठं आणि जहाजांच्या नोंदवह्यांतून लिहितो. ही देवघेव त्यात कुठेच बसत नाही, म्हणून ती झालीच नाही असं नाही.

मग हे ज्ञान युरोपात का गेलं नाही? अमेरिकन इतिहासकार लोंडा शिबिंगर यांनी ‘प्लांट्स अँड एम्पायर’ या २००४ च्या पुस्तकात हाच प्रश्न धरून मोठा विचार केला आहे. झाड युरोपातल्या बागांमध्ये सहज पोचलं, त्याचा हा उपयोग मात्र वैद्यकात शिरला नाही. याचं कारण त्या काळच्या राज्यांना प्रजा वाढवायची होती, सैन्य आणि मजूर हवे होते, आणि वैद्यकाला बायकांच्या या बाजूकडे पाहायचं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते बव्हंशी पटतं, पण एक हरकत त्यावर घ्यायला हवी. युरोपातल्या बायकांकडे सॅव्हिन होतं, आपण जिला सताप म्हणतो ती वनस्पतीही होती. त्यांना शंकासुराच्या बियांची गरजच नव्हती, मग ते ज्ञान का आयात व्हावं? ही हरकत अर्धी खरी आहे. पण ताप उतरवायला युरोपकडे कमी औषधं होती का? तरीही पेरूहून सिंकोनाची साल गेली, आणि खुद्द स्लोनने तिचा व्यापारही केला, प्रचारही. ब्राझीलच्या इपेकाक मुळाचं गुपित फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८८ मध्ये पैसे देऊन विकत घेतलं. म्हणजे जुनं औषध घरात असताना नवं आणण्याची तयारी होती, फक्त त्याला गिऱ्हाईक हवं होतं. सैन्याच्या तापाला गिऱ्हाईक होतं, राजघराण्यातल्या आमांशाला होतं. ज्यांना ही माहिती हवी होती त्या बायका विकत घेणाऱ्यांत नव्हत्या, आणि ज्यांच्या हाती विकत घेणं होतं त्यांना ती नको होती. आपल्याकडेही हेच दिसतं. शंकासुराचा जवळचा नातलग सागरगोटा. मुली ज्याने खेळतात आणि आज्या ज्याला हिवतापावर उगाळतात तोच. इंग्रज सरकारच्या १८६८ च्या भारतीय औषधकोशात सागरगोट्याला जागा मिळाली, कारण ताप सरकारलाही येतो.

झाडाचं शास्त्रीय नाव कसं ठरलं हेही याच अंगाने वाचावं असं मला वाटतं. तूर्नफोर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला सेंट किट्सच्या फ्रेंच गव्हर्नराचं, फिलिप द प्वाँसीचं, नाव दिलं. लिनियसने १७५३ मध्ये त्यावर ‘पुल्केरिमा’ हे विशेषण लावलं, अर्थ अतिशय सुंदर. गव्हर्नर ज्या वसाहतीचा तीही गुलामांच्या कष्टांवर चालणारी. १७९१ मध्ये स्वीडनच्या स्वार्ट्झने, जो स्वतः वेस्ट इंडीजमध्ये फिरला होता, झाडाला सीझाल्पिनिया या प्रजातीत नेलं. ते नाव सोळाव्या शतकातल्या एका इटालियन वनस्पतितज्ज्ञाचं. २०१६ च्या फेरमांडणीत सागरगोटा आणि तांबडा रंग देणारं पतंगाचं झाड हे नातलग दुसऱ्या प्रजातींत गेले, शंकासूर तिथेच राहिला. गव्हर्नराचं नाव मात्र गुलमोहराला इंग्रजीत अजून चिकटून आहे. वनस्पतिशास्त्राला नावं ठरवण्यासाठी एक शिस्त लागते आणि त्या शिस्तीने जगाचं भलं केलं, हे मी मानतो. पण त्या नावांत रूप आलं, राज्यकर्ता आला, पंडित आला. उपयोग आला नाही. बार्बाडोसच्या लोकांनी १९६६ मध्ये स्वतंत्र होताना हेच फूल आपल्या राजचिन्हावर घेतलं. कुंपणाच्या आतल्या माणसांच्या नातवंडा-पणतवंडांनी ते उचललं, आणि कुठल्याही गव्हर्नराच्या नावाने उचललं नाही. त्यांच्याकडे ते बार्बाडोसचा अभिमान म्हणून ओळखलं जातं.

राहिला आपला किनारा. मेरियनच्या ग्रंथाआधी सुमारे वीस वर्षं, त्याच ॲमस्टरडॅममध्ये, हेच झाड छापून आलं होतं. कोचीनचा डच गव्हर्नर हेंद्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ तयार करवला; तो १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याच्या सहाव्या खंडाच्या आरंभी शंकासूर आहे, चेट्टी मंदारम या मल्याळी नावाने. चेट्टी म्हणजे व्यापारी. समुद्रावरच्या व्यापारातून आलेलं मंदार, अशी या नावाची फोड करावीशी मला वाटते. या ग्रंथाच्या चित्रांवर झाडांची नावं नागरी अक्षरांत कोंकणीतही कोरलेली आहेत. कारण ऱ्हेडेला माहिती देणाऱ्यांत तीन कोंकणी वैद्य होते, गोव्याकडून कोचीनला जाऊन राहिलेल्या समाजातले: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट. आपण काय काम केलं, कसं केलं हे सांगणारं त्यांचं १६७५ सालचं कोंकणी पत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलं आहे, नागरीत. छापलेल्या कोंकणीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी ते एक. इट्टी अच्युदन या ईळव वैद्याचं मल्याळी पत्रही तिथेच आहे. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं, भाषा, लिपी, सही, सगळं पुस्तकात आलं. ऱ्हेडेही राज्यकर्ताच होता, त्यालाही डच ईस्ट इंडिया कंपनीचा फायदा हवा होता. पण त्याचे सांगणारे प्रतिष्ठित पुरुष होते, वैद्य होते, त्यांच्या साक्षीने ग्रंथाचा भाव वाढत होता.

दोन ग्रंथांमध्ये एक माणूस सामाईक आहे. कास्पर कॉमेलिन, ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानाचा पंडित. त्याचा काका यान कॉमेलिन याने ‘हॉर्टस मलबारिकस’च्या खंडांना टिपा लिहिल्या, कास्परने स्वतः १६९६ मध्ये त्या ग्रंथातल्या वनस्पतींची सूची प्रसिद्ध केली. आणि मेरियनच्या ग्रंथात प्रत्येक झाडाची लॅटिन ओळख पटवणाऱ्या टिपाही त्याच्याच. कोचीनचं चेट्टी मंदारम आणि सुरीनामचं मोराचं फूल, दोन्ही त्याच्या मेजावर आली. पंचेचाळिसाव्या चित्राशेजारी त्याने नाव आणि जुन्या ग्रंथांचे दाखले पाहिले असणार, कारण तेच त्याचं काम होतं. त्या पानावर अळी आहे, कोष आहे, पतंग आहे, शेंगा आहेत, आणि मजकुरात गिनी आणि अंगोलाच्या बायका आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट यांची नावं एका ग्रंथात राहिली. दुसऱ्यात, ज्या बायकांनी हे सांगितलं त्यांच्यापैकी एकीचंही नाव मेरियनने लिहिलेलं नाही.